काळ्याचं माप

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मॉनिटरचे रंग जुळवायला माणूस कशाला लागतो, असं त्यांना वाटतं. सासरी तर अजूनही ‘अरुंधती टीव्ही दुरुस्त करते’ असंच सांगतात, आणि त्यांचं हे वाक्य दुरुस्त करणं मी सोडून दिलं आहे.

काम तसं साधं आहे. छापखान्यात किंवा फोटोच्या स्टुडिओत पडद्यावर दिसणारा लाल खरोखर तेवढाच लाल आहे का, ते बघायचं. डोळ्यावर ते सोपवता येत नाही, कारण डोळा पाच मिनिटांत कशालाही सरावतो. म्हणून कुंकवाच्या करंड्याएवढं एक मीटर पडद्यावर टेकवून लोंबतं सोडायचं. त्याच्या कडेला स्पंज असतो, त्यामुळे खोलीतला उजेड आत शिरत नाही. मग संगणक एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो, मीटर ते मोजतं, आणि जिथे जेवढा फरक असेल तेवढी दुरुस्ती त्या पडद्याला शिकवायची. सगळ्यात शेवटी काळ्याचं माप. काळा म्हणजे पडद्यानं काहीच न दाखवणं. तरी मागचा उजेड जरासा गळतोच, तो किती गळतो ते पाहायचं. या शेवटच्या मापाला कुणी फारसं विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

दुसरी गोष्ट माझ्या नियमाची. माझ्या मुलीचं नाव पूर्वी. ती लहान असताना तिचा ताप मेंदूपर्यंत गेला होता. दवाखान्यात काचेबाहेर बसून मी बोलले होते, की ही घरी आली तर रोज दिवेलागणीचा दिवा मी माझ्या हातानं लावीन, आणि सूर्य मावळल्यापासून तो लागेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. पूर्वी घरी आली. आता दहावीत आहे, उलट उत्तरं देते, म्हणजे ठणठणीत आहे. नियम चालू आहे. कामात अडकले तर दिवा उशिरा लागतो, पण त्याला दुसऱ्या कुणाचा हात आजवर लागलेला नाही. तोवर मी पेट्रोल पंपावरसुद्धा बोटांनी सांगते. पूर्वी मैत्रिणींना फोनवर सांगते, “थांब गं, आई म्यूटवर आहे.” नवरा म्हणतो, दिवसातली तेवढीच वेळ आपल्या बाजूची.

तर, चाकणचा छापखाना.

निघोज्याच्या बाजूला आहे. हळदीची, मसाल्याची पाकिटं छापतात. मालक साहेबराव गावातलेच; जमीन कंपन्यांना गेली आणि त्यांनी मशीन घातलं. रंग तपासायची खोली मागच्या बाजूला आहे. तिला खिडकी नाही, भिंती करड्या, कारण रंगीत भिंतीचा उजेड पडद्यावर पडतो. हा करडा रंग मीच द्यायला लावला होता. साहेबरावांना तो आवडला नव्हता. त्यांचं म्हणणं, खोली सुतकात असल्यासारखी दिसते.

त्या खोलीत दुसऱ्या शिफ्टला नेहा बसते. संत तुकाराम नगरची, वडील एका कंपनीतून निवृत्त झालेले, घरात पगार हिचाच. कमी बोलणारी, कामाला चोख. आणि तिच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरची हळद फिकी छापून येत होती. फिकी म्हणजे अशी, की दुकानात कुणी हात लावणार नाही. सकाळच्या शिफ्टचं काम ठीक, हिचंच बिघडलेलं. गिऱ्हाइकानं दोनदा माल परत पाठवला. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सकाळी, आणि दोन्ही वेळा पडदा चोख निघाला. साहेबरावांनी त्याचा सरळ अर्थ काढला. पडदा चांगला, म्हणजे पोरगी वाईट.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते.

“म्याडम, शेवटचं येऊन जा. आज बी पडदा ठीक निघाला, तर त्या पोरीला सोमवारपासून घरी बसवतो. माझं गिऱ्हाईक चाललंय.”

म्हणजे एका मुलीची नोकरी आता माझ्या मीटरला टांगलेली. मला असल्या गोष्टींचा मनापासून वैताग येतो. मी रंग मोजते, माणसं नाही. पण नाही कसं म्हणणार?

पुनावळ्याहून चाकण म्हणजे अर्धा दिवस. स्कूटरवर ट्रकच्या मागे धूर खात पोचले तेव्हा दुपार कलली होती. नेहा नुकतीच शिफ्टला आलेली. मी काही न बोलता मीटर लावलं. चौकोन सरकत गेले, तांबडे, हिरवे, निळे, करडे. निकाल आला. पडदा चोख. काळासुद्धा जेवढा काळा हवा तेवढा.

मी जरा चिडूनच विचारलं, की बाई, तू संध्याकाळी नेमकं करतेस तरी काय?

“काही करत नाही, ताई.” ती कीबोर्डकडे बघत होती. “संध्याकाळी पडदा पिवळा दिसायला लागतो. म्हणून मी फाइलमधला पिवळा उतरवते. छापून येतं ते फिकं येतं. तुम्ही सकाळी बघता आणि जाता. एकदा संध्याकाळी थांबा ना.”

हे ऐकलं आणि मला हायसं वाटलं. हल्ली प्रत्येक संगणकात ही एक खोडी असते. अंधार पडला की डोळ्यांना त्रास नको म्हणून तो आपणहून पडदा पिवळसर करतो. एवढ्याशा बटणापायी दोन फेऱ्या, परत आलेला माल आणि ह्या पोरीचा उतरलेला चेहरा. मी सेटिंग उघडलं. बटण बंद होतं. पहिल्यापासून बंद होतं.

मग वायर बदलली. विजेचा दाब पाहिला. खोलीतल्या उजेडाप्रमाणे कमीजास्त होणारी सोय पडद्यात आहे का पाहिलं, नव्हती. दसऱ्याला इथे मशीनपासून माउसपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, पडद्याच्या चौकटीवर त्याचं बोट अजून होतं. तेही पुसलं. काहीच सापडेना, आणि घड्याळ माझ्या निघायच्या वेळेला येऊन टेकलं.

नेहानं थांबा असं पुन्हा म्हटलं नाही. तिनं फक्त डबा पिशवीत परत ठेवला, न खाता.

मी घरी फोन लावला. उशीर होईल म्हटलं.

“मग दिवा?” पूर्वी म्हणाली. “मी लावू?”

“नको. हात लावू नकोस. मी येऊन लावते.”

“माहितीय गं. विचारलं आपलं.”

नेहाला मी नियमाचं आधीच सांगून ठेवलं, म्हणजे मी अचानक गप्प झाले तर तिला वाईट वाटायला नको. ती म्हणाली, तिची आजी उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या उपवासाच्या दिवशी असंच करायची. मग आम्ही बसून राहिलो. बाहेर मशीनची धडधड, आत शाईचा उग्र वास. मी पडदा पूर्ण काळा केला, मीटर मध्यावर लावलं, आणि माझ्या लॅपटॉपवर काळ्याचं माप सलग चालू ठेवलं. पडदा पिवळा होत असेल, तर ते काळ्यातच आधी कळेल, कारण तिथे लपायला दुसरा रंग नसतो.

पंचांगाच्या ॲपनं फोन थरथरला. सूर्यास्त. मी ओठ मिटले.

बराच वेळ आकडा जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होते आणि मध्येच साहेबरावांना, संगणक बनवणाऱ्यांना आणि तळेगाव चौकातल्या गर्दीला दूषणं देत होते. देवानं ते वेगळं काढून ऐकलं असेल अशी आशा आहे.

मग आकडा हलला. अगदी शेवटच्या दशांशात.

पडदा तापला की थोडं असं होतं. पण तापलेल्या पडद्याचा उजेड एका चालीनं वाढतो. हा वर जाई, किंचित खाली येई, थरथरे, पुन्हा वर जाई. मी रंगाचा आकडा पाहिला. दिवसाचा उजेड साडेसहा हजारांच्या आसपास मोजला जातो, आणि उजेड जितका पिवळा तितका हा आकडा कमी. इथे तो दोन हजारांच्या खाली होता. एवढा पिवळा या पडद्यातून निघूच शकत नाही.

मला मात्र तो ओळखीचा होता. मीटर नवीन घेतलं तेव्हा गंमत म्हणून मी ते देवघरातल्या दिव्यासमोर धरलं होतं. तेलाची वात. हाच आकडा, हीच थरथर.

नेहानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. “वाढतंय ना, ताई?”

मी मान हलवली. उठून दाराला आतून कडी लावली आणि खोलीतला दिवा मालवला. आता लॅपटॉपचा अंधुक उजेड तेवढा राहिला. मोठा पडदा समोर काळाच होता. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

पडदा सगळीकडे सारखा आहे का, हे पाहायची एक पद्धत असते. मीटर कोपऱ्यात, कडेला, मध्यावर, असं ठिकठिकाणी टेकवत जायचं. मी तसं केलं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात उजेड सगळ्यात जास्त. पुढच्या जागा मोजून पुन्हा त्याच कोपऱ्यात आले, तर तिथे कमी झालेला, आणि मध्याकडे वाढलेला. पुन्हा फेरी केली. उजेड आणखी सरकला होता. आणि प्रत्येक फेरीला आधीपेक्षा जास्त होता.

लांबून कुणी दिवा हातात घेऊन चालत येत असेल, तर असंच मोजलं जाईल.

“रोज मला वाटतं, मागे कुणीतरी दिवा घेऊन उभं आहे,” नेहा हळूच म्हणाली. “मागे नाही ना कुणी?”

मी मान हलवून नाही म्हटलं. ते खरं होतं. मागे कुणी नव्हतं. मीटरचं तोंड पडद्याकडे होतं, आणि त्याच्या कडेचा स्पंज काचेला घट्ट टेकलेला होता.

मी पडद्याच्या वायरीकडे बोट केलं. नेहानं ओढून प्लग काढला. चौकटीवरचा बारीक हिरवा ठिपका विझला.

आकडा वाढत राहिला.

वीज नसलेल्या काचेवर मीटर टेकलेलं, आणि आकडा वाढतोय.

नेहानं माझा दंड धरला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, निदान तिचं नाव घ्यायचं होतं, पण तोंड बंद होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नियमाचा राग आला.

मग आकडा शून्य झाला.

ज्योत विझताना आधी बारीक होते, फडफडते. हा तसा उतरला नाही. दिवा घेतलेलं माणूस खोलीतून बाहेर पडावं, तसा एकदम गेला. मी न ठरवता दाराकडे पाहिलं. कडी जागच्या जागी होती.

त्याच दारावर बाहेरून थाप पडली आणि आम्ही दोघी दचकलो. कडी काढली, तर साहेबराव होते. काळोखात काय बसलाय म्हणाले. मी खोलीतला दिवा लावला आणि फोनवर लिहून त्यांच्यापुढे धरलं. पडदा खराब आहे. संध्याकाळी पिवळा होतो. आजच काढा. मुलीची नजर चांगली आहे, तिनं दिसलं तसंच केलं.

साहेबरावांनी फोन लांब धरून वाचलं. “तोंडानं सांगा की. लिवून द्यायला हितं काय कोर्ट हाय?”

“साहेब, मॅडमचं मौन आहे,” नेहा म्हणाली. “घरी दिवा लावेपर्यंत बोलत नाहीत.”

त्यांचा चेहरा बदलला. टोपी नसलेल्या डोक्यावर त्यांनी उगाच हात फिरवला, आणि मग मला चक्क नमस्कार केला. “आमची आय बी पाळायची. मग तुमी खोटं न्हाई लिवायच्या.” नेहाकडे वळून म्हणाले, “उद्यापास्नं पुढच्या टेबलावर बस. ह्यो पडदा भंगारात.” तिची माफी म्हणून जे काही होतं ते एवढंच. नेहानं डबा पुन्हा बाहेर काढला.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. मीटर त्याच्या डबीत ठेवलं, डबी पिशवीत, आणि निघाले.

मोशीपर्यंत ट्रकच्या मागेच होते. डोकं चालवायला भरपूर वेळ मिळाला, आणि मी ते चालवलं. मीटर बिघडलं असेल. स्पंज झिजला असेल. लॅपटॉपचाच उजेड काचेवरून परतला असेल. पुनावळ्याच्या वळणापर्यंत मी माझी समजूत बरीचशी काढली होती, आणि मीटर दुरुस्तीला पाठवायचं म्हणून नव्यानं वैतागलेही होते.

सोसायटीत स्कूटर लावताना सवयीनं वर पाहिलं. आमच्या देवघराच्या खिडकीत दिव्याचा उजेड होता.

दिवसभराचा सगळा संताप तिथे एकवटला. एवढं बजावून सांगितलं होतं या मुलीला.

पूर्वीनं दार उघडलं. हातात पेन, केस वर बांधलेले. “आता परत कुठे गेली होतीस?”

मी देवघराकडे बोट केलं. मग तिच्याकडे. तू?

“मी कशाला लावीन? तूच लावलास की मगाशी.”

मी मानेनंच नाही म्हटलं.

“काय आई. मी गणितं सोडवत होते, तू आलीस, सरळ देवापाशी गेलीस. चहा टाकू का विचारलं तर बोलली नाहीस. म्हटलं, म्यूटवर आहेस.” तिनं पेन कानामागे खोचलं. “दिवा लावल्यावर पण बोलली नाहीस. म्हटलं, कामावर काहीतरी झालंय, चिडलीयेस. मग आतल्या खोलीत जाऊन मॉनिटरसमोर बसलीस. चहा आणून ठेवला. नंतर बघते तर तू नाहीस.”

मी आत गेले. माझ्या कामाचा मॉनिटर बंद होता. खुर्ची मागे ओढलेली. टेबलावर कप, काठोकाठ भरलेला, चहावर साय धरलेली.

देवघरात आले. दिवा माझाच, रोजचा, पितळेचा. वात नीट वळलेली, तेल पुरेसं. ज्योत स्थिर होती. फक्त वातीचं तोंड दक्षिणेकडे होतं. धनत्रयोदशीचा यमदीप सोडला तर तसा दिवा आमच्याकडे एकदाच लावतात, माणूस गेलेल्या घरात, त्याला जिथे ठेवलं होतं त्या जागी.

त्या वेळी सुचायला हवं होतं ते मला सुचलं नाही. सवयीचं तेवढं सुचलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, मीटर जोडलं, त्याच्यावरची पांढरी काच पुढे फिरवली. तशी फिरवली की ते पडद्याऐवजी खोलीतला उजेड मोजतं. लॅपटॉपचा पडदा पार मंद केला, ट्यूबलाइट बंद केली. खोलीत आता त्या एका ज्योतीचा उजेड होता. देवांचे चेहरे, भिंत, पूर्वीचा अर्धा गाल, सगळं त्यात दिसत होतं.

मीटर दिव्यासमोर धरलं, वीतभर अंतरावर.

शून्य.

काच पदरानं पुसली. फोनची बॅटरी त्याच्यावर टाकून पाहिली. आकडा लगेच उसळला, बरोबर आला. फोन बंद केला. पुन्हा दिव्यासमोर धरलं.

शून्य. मीटरच्या लेखी तिथे काळोख होता.

“आई,” पूर्वी म्हणाली. ती दारापर्यंत मागे सरकली होती. “दिवा लागलाय ना आता. बोल ना.”

पण तो मी लावला नव्हता. मी काडेपेटीसाठी हात पुढे केला, तिला डोळ्यांनीच थांब म्हटलं, आणि दुसरा हात खाली घेतला. मीटर त्या हातात होतं. त्याचं तोंड आता पूर्वीकडे झालं.

लॅपटॉपवर आकडा हलला, तेलाच्या वातीच्या त्याच थरथरीनं. अगदी शेवटच्या दशांशात.